रात्रभर गप्प राहून सकाळी एक स्टार देणाऱ्या पाहुण्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र आमच्या छोट्याशा लॉजवर उतरणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना नाहीये. जे रात्री साडेअकराला चप्पल फटफटवत खाली येतात आणि ‘अहो, तो पंखा कुरकुरतोय’ म्हणून तोंडावर सांगतात, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही, उलट त्यांचे उपकारच आहेत. हे पत्र त्यांना, जे रात्रभर खोलीत तळमळत पडून राहतात, सकाळी चावी काउंटरवर ठेवताना गोड हसून ‘छान होतं हं सगळं’ म्हणतात, आई त्यांना दारापर्यंत सोडायला जाते, आणि मग अर्ध्या तासात, म्हणजे त्यांच्या पलंगावरची चादरसुद्धा अजून निघालेली नसते, तोवर माझा फोन टिंग करतो. एक स्टार. ‘खिडकी रात्रभर वाजत होती. झोपेचं खोबरं झालं. पुन्हा येणार नाही.’

आता ही खिडकी. सहा नंबरची, वरच्या मजल्यावरची, रस्त्याच्या बाजूची. ती वाजते हे मला माहीत आहे, माझ्या बाबांना माहीत होतं, आजोबांनाही असणार. जुन्या लाकडाची चौकट आहे, हवा दमट झाली की फुगते, कोरडी झाली की आकसते, आणि आकसली की झडपेला मोकळीक मिळते, मग वारा सुटला की खुळखुळ्यासारखी सुरू. यावर बाबांनी एक पाचर करून ठेवलीये. बोटभर लांब, एका टोकाला निमुळती, जाड टोकाला जुन्या पट्ट्याचं चामडं डकवलेलं म्हणजे काचेला धक्का बसू नये, आणि वर पेन्सिलीनं ‘६’ लिहिलेलं, ते आता निम्मं पुसलंय. काउंटरच्या डाव्या ड्रॉवरमध्ये असते. कडीच्या जरा खाली सरकवायची, अंगठ्यानं दाबायची, आवाज ठार बंद. जिना चढायचा वेळ धरून दोन मिनिटांचं काम. तुम्ही वर सात तास जागे होतात आणि मी खाली त्याच ड्रॉवरच्या बाजूला शब्दकोडं सोडवत बसलो होतो, हे मला जास्त लागलं हो. स्टार गेला ते गेलंच.

मग पाचर आधीच लावून का ठेवत नाही, असं विचाराल. रास्त आहे. लावून ठेवली की खिडकी उघडत नाही, आणि निम्म्या लोकांना खिडकी उघडी टाकूनच झोपायचं असतं. तुम्ही त्या निम्म्यातले की या निम्म्यातले हे तुमच्या तोंडाकडे बघून मला कसं कळणार?

त्या ड्रॉवरमध्ये पाचरच नाहीये फक्त. कानात घालायचे बोळे आहेत, बिजागरीला द्यायची तेलाची छोटी बाटली आहे, तीन प्रकारचे प्लगचे अडॅप्टर, मंद उजेडाचा बल्ब (चार नंबरमधला दिवा डोळ्यांवर येतो म्हणून), पलंगाच्या आखूड पायाखाली घालायचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवलेले. मागच्या कपाटात कडक उशा वेगळ्या, मऊ वेगळ्या, जाड ब्लँकेटं वेगळी. म्हणजे थोडक्यात काय तर या घराच्या प्रत्येक खोडीवर कुणीतरी आधी तक्रार केली होती म्हणूनच तो इलाज ड्रॉवरमध्ये आलाय. हे घर शंभरीच्या पुढचं आहे, नऊ खोल्या, तीन मजले, लाकडी जिना, लिफ्ट नाही. खोड्या असणारच.

खोड्यांचं एक उदाहरण देतो, बाथरूम. आमच्या बाथरूमला लोक फार हसतात, फोटो काढून टाकतात, ‘इथे आडवं व्हायचं की तिरकं’ वगैरे. अहो, हे घर बांधलं तेव्हा खोलीत बाथरूम असणं ही चैन होती. अमेरिकेत बॉस्टनचं ट्रेमाँट हाऊस हे हॉटेल १८२९ साली उघडलं, तिथे प्रत्येक खोलीला स्वतःचं कुलूप आणि आत साबण, एवढ्यावर त्याचं कोण कौतुक झालं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम म्हणून एल्सवर्थ स्टॅटलर नावाच्या हॉटेलवाल्यानं तिकडेच बफेलोला हॉटेल काढलं ते १९०८ मध्ये, तेही मोठं हॉटेल. आमच्यासारख्या घरांत नळ व्हरांड्याच्या टोकाला. नंतर कधीतरी प्रत्येक खोलीचा एकेक कोपरा कापून बाथरूम बसवली, जिथे पाईप पोचला तिथे. म्हणून दोन नंबरमध्ये बेसिन दाराच्या मागे आहे आणि सातमध्ये शॉवरखाली उभं राहिलं की कोपर खिडकीला लागतं. ते मी बदलू शकत नाही. पण सातमध्ये उंच माणूस आलाय हे मला कळलं तर मी त्याला एक नंबर देऊ शकतो, तिथे छत उंच आहे. उंच माणूस काउंटरपाशी उभा असताना उंच दिसत नाही का, असं आई म्हणते. काउंटर एक पायरी वर आहे, आई.

गरम पाण्याचं बोलू, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच. ‘गरम पाणी नाही.’ एवढंच लिहिलेलं असतं. असतं हो! गिझरची टाकी तळमजल्याला, तुम्ही वरच्या मजल्याला, मधे तीसेक मीटर पाईप. वीस मिलिमीटर आतली रुंदी धरली तर त्या पाईपमध्ये साधारण नऊ लिटर गार पाणी रात्रभर उभं असतं, ते आधी बाहेर पडणार, आणि नळ मिनिटाला पाच लिटर देत असेल तर झाली जवळजवळ दोन मिनिटं. तुम्ही अर्ध्या मिनिटात हात लावून बघता, गार लागतं, नळ बंद करता, वैतागून गार पाण्यानं अंघोळ करता. खरं तर मी चेक-इनला सांगतो दोन मिनिटं सोडा म्हणून, पण तेव्हा तुम्ही वायफायचा पासवर्ड टाइप करत असता. (ही माझीही चूक आहे, एकाच श्वासात सात गोष्टी सांगतो मी, मला स्वतःला आठवत नाहीत.)

आणि एक, पाणी आलं की फार कढत आहे म्हणून पण तक्रार येते, टाकीचं टेम्परेचर कमी ठेवा म्हणून. ते मी करणार नाही. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं, घरी गेल्यावर त्यातली माणसं न्यूमोनियानं पटापट आजारी पडली, कित्येक दगावली, आणि पुढे त्यात जो जिवाणू सापडला त्याचं नावच लेजिओनेला पडलं. साधारण वीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात तो वाढतो. म्हणून टाकी साठ अंशांवर ठेवायची आणि बंद असलेल्या खोलीतले नळ आठवड्यातून एकदा तरी भरपूर सोडायचे. मी सकाळी रिकाम्या खोल्यांमधून फिरत नळ सोडत असतो तेव्हा एकानं लिहिलं होतं, ‘मालक पाण्याची नासाडी करतो.’ काय बोलणार! साठ अंशांचं पाणी अंगावर मात्र थेट घेऊ नका, भाजेल. गार पाण्याचा नळ शेजारीच आहे, आधी तो सोडा आणि मग गरम मिसळा.

बरं, आता जे लिहायला जरा जड जातं ते लिहितो. ढेकूण.

काही वर्षांपूर्वी तीन नंबरमध्ये एक बाई होत्या, एकट्या प्रवास करणाऱ्या, वयानं आईएवढ्या. पहाटे सहाला खाली आल्या, हातात पाण्याचा ग्लास, पालथा, खाली पोस्टकार्ड धरलेलं. ग्लासात एक ढेकूण. पाचेक मिलिमीटरचा, चपटा, तांबूस, अगदी निवांत चालत होता कार्डावर. बाई ओरडल्या नाहीत काही नाहीत. म्हणाल्या, ‘गादीच्या शिवणीत अजून असतील, काळे ठिपके आहेत, बघून घ्या, आणि शेजारच्या खोल्या पण बघा.’ मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई तर रडायलाच लागली, तिला वाटलं आपण घर घाण ठेवतो असं लोक म्हणणार. घाणीचा तसा संबंध नसतो, ढेकूण बॅगेतून येतो, चकाचक हॉटेलातही येतो, अडगळ असली तर त्याला लपायला जागा जास्त मिळते इतकंच. पण हे आईला पहाटे सहाला कोण समजावणार.

आम्ही त्याच दिवशी तीन नंबर आणि दोन्ही बाजूच्या खोल्या बंद केल्या. पेस्ट कंट्रोलवाले आले, पलंगाचे सांधे खोलले, चादरी पडदे सगळं कढत धुऊन मशीनमध्ये तापवून वाळवलं, कारण पन्नास अंशांच्या वर व्यवस्थित ताप बसला की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. दोन आठवड्यांनी पुन्हा माणसं बोलावली, राहिलेल्या अंड्यांतून बाहेर पडले असतील तर म्हणून. मोठा ढेकूण उपाशीसुद्धा महिनोन्‌महिने राहू शकतो, त्यामुळे खोली नुसती कुलूप लावून ठेवण्यात काही अर्थ नसतो. तो तिथेच टिकून राहतो. आता विचार करा, त्या बाई गप्प बसल्या असत्या, हसून ‘छान होतं’ म्हणून गेल्या असत्या आणि दोन दिवसांनी लिहिलं असतं, तर तोवर त्या खोलीत आणखी दोन माणसं झोपून गेली असती आणि त्यांच्या बॅगांतून ढेकूण त्यांच्या घरी गेले असते. त्या बाईंनी पुढे रिव्ह्यू लिहिलाच नाही. दर खेपेला येतात मात्र, तीनच नंबर मागतात, म्हणतात या घरातली सगळ्यात तपासलेली खोली तीच.

याच्या उलटही झालंय. एकानं जाऊन दहा दिवस झाल्यावर हाताच्या फोटोसकट टाकलं, तुमच्याकडे ढेकूण चावले. आम्ही ती खोली शिवण न शिवण उसवून बघितली, एक सापडला नाही. चाव्याची खूण उठायला काही लोकांना चौदा दिवससुद्धा लागतात, त्यामुळे मधल्या काळात तो माणूस जिथे जिथे झोपला तिथलाही असू शकतो, आधीचाही असू शकतो, आणि आमचाही असू शकतो, मी नाही म्हणत नाही. दहा दिवसांनी कुणालाच काही सिद्ध करता येत नाही एवढंच. सकाळी सहाला ग्लास घेऊन आलात तर येतं.

तुम्ही म्हणाल एका स्टारनं काय होतंय, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. हिशोब करून बघा. समजा आमचे चाळीस रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.६ आहे, म्हणजे एकूण १८४ स्टार. तुमचा एक धरला की १८५ भागिले ४१, म्हणजे ४.५१. आता परत ४.६ व्हायला किती पाच-स्टारवाले लागतील? नऊ. ओळीनं नऊ. आमचं अख्खं घर एका रात्री भरलं आणि प्रत्येक खोलीनं न चुकता पाच दिले, तर तुमची खिडकी भरून निघते. दोन हजार रिव्ह्यू असलेल्या मोठ्या हॉटेलला तुमच्या एका स्टारची गंधवार्ताही लागत नाही, त्यांचा ४.६ हा ४.६च दिसतो. त्यामुळे मोठ्या हॉटेलवर तुम्ही राग काढता तो वाऱ्यावर जातो आणि आमच्यावर काढता तो वर्मी बसतो. त्या साईटवाल्यांचंही नाटक बघा, बुकिंग डॉट कॉमवर पूर्वी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर बोट ठेवून मार्क द्यायचे, आणि सगळे रडके चेहरे दिले तरी आकडा अडीचच्या खाली जायचाच नाही, २०१९ मध्ये सरळ एक ते दहा केलं. म्हणजे आमचा काही वर्षं फुकटचा अडीच मार्कांचा आधार होता, तोही गेला, हाहा.

आजोबांच्या वेळी काउंटरवर अभिप्रायाची वही असायची. अजून आहे, कपाटात. त्यात काय एकेक तक्रारी आहेत, ‘उशी आहे की वीट’, ‘आरशात फक्त हनुवटी दिसते’. पण त्या वहीत लिहायचं तर माणसाला आजोबांच्या समोर उभं राहून लिहावं लागायचं, आजोबा चष्मा लावून तिथेच वाचायचे आणि बहुतेक नोंदींच्या खाली त्यांच्या अक्षरात आहे, ‘आरसा चार बोटे वर घेतला.’ ट्रिपअॅडव्हायझर ही रिव्ह्यूंची साईट २००० साली सुरू झाली, पुढे वही कुणी मागेना. मला साईटचा राग नाही, अर्धे पाहुणे तिथूनच येतात, नसती तर आम्ही कधीच कुलूप लावलं असतं. पण वहीत लिहिलेलं त्याच दिवशी दुरुस्त व्हायचं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल मी फार साळसूद आहे. नाहीये. मागे एका रिव्ह्यूला मी रात्री एक वाजता उत्तर लिहिलं, ‘तुम्हाला राजवाडा हवा होता तर राजवाड्यात जायचं.’ सकाळी बायकोनं वाचलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. काढलं मी ते, पण तोवर लोकांनी स्क्रीनशॉट घेतले होते. शिवाय एकदा एका आजोबांनी खरंच रात्री खाली फोन केला होता, वर थंडी वाजतेय म्हणून, आणि आमच्या रात्रपाळीच्या पोरानं ‘हो देतो’ म्हणून ब्लँकेट दिलंच नाही, झोपून गेला. त्या आजोबांनी तीन स्टार दिले, मी म्हणेन दोन जास्तच दिले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला गेल्या महिन्यात कळली. त्या खिडकीवाल्या पाहुण्यांना मी मेसेज केला, भांडायला नाही, सरळ विचारलं की अहो खाली का नाही आलात. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळी, ‘आलो होतो. बेलवर लिहिलं होतं म्हणून परत गेलो.’

बेलवर लिहिलं होतं. मी उठून बघितलं. काउंटरवर पितळी बेल आहे आणि तिच्या बाजूला भिंतीवर एक पाटी, ‘रात्री १० नंतर बेल वाजवू नये.’ बाबांनी लावली होती, कॉलेजची पोरं राहायला आली होती आणि रात्रभर गंमत म्हणून बेल बडवत होती म्हणून. ती पोरं आता आजोबा व्हायला आली असतील. पाटी रोज माझ्या डोक्यामागे आहे, मी तिच्याकडे पाठ करून बसतो, मला ती दिसतच नव्हती. आणि मी बसतो आतल्या बाजूला, दाराच्या आड, म्हणजे जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला मी दिसत नाही, त्याला दिसतो रिकामा काउंटर, मंद दिवा आणि ती पाटी. तो सद्‌गृहस्थ पायजम्यावर तीन मजले उतरून आला, पाटी वाचली, कुणाची झोपमोड नको म्हणून पाऊल न वाजवता परत वर गेला आणि रात्रभर खिडकी ऐकत बसला. मी चार हातांवर शब्दकोडं सोडवत होतो. यात एक स्टार मला का मिळाला हे आता मला नीट समजलंय.

तर मंडळी, पाटी काढली. तिच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय, रंग मारायचा आहे. खुर्ची जिन्यासमोर आणलीये. बेल कधीही वाजवा, रात्री तीनला वाजवा, मी किंवा तो पोरगा (तो आता झोपत नाही, विचारा त्याला) उठून येतो, तोंड वाकडं केलं तर ते जरूर लिहा, त्याला एक स्टार द्या, हक्काचा आहे. उशी, उजेड, पंखा, पाणी, शेजारच्याचं घोरणं, काहीही. घोरण्यावर आमच्याकडे कानाच्या बोळ्यांपलीकडे इलाज नाही, पण खोली रिकामी असली तर बदलून देतो. खाली यायचं नसेल तर खोलीतल्या फोनवर शून्य दाबा, आठ नंबरचा फोन सोडून, त्याचं शून्याचं बटण अडकतं, ते जरा जोरात दाबा.

आणि जे गावाला निघून गेले, ज्यांनी लिहून टाकलंय, त्यांनी काढू नका. राहू दे. खिडकी वाजली होती हे खरंच आहे.

सहा नंबरची पाचर आता ड्रॉवरमध्ये नसते. खिडकीच्या कडीलाच दोरीनं बांधून ठेवलीये, पेन्सिलीचा ‘६’ परत गिरवलाय, आणि बाजूला आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे की वाजायला लागली तर ही इथे सरकवा, चामड्याची बाजू काचेकडे.

तुमचा,
काउंटरमागचा